ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले मूळनिवासी खेळाडू आणि संघाची एकजूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, आपल्या सगळ्यांचं एमसीजी, मराठी घरांत बॉक्सिंग डे कसोटीमुळे ओळखीचं आहे. पण मार्च ते सप्टेंबर तिथे बॅट दिसत नाही, तिथे फुटी चालते. मेलबर्नला राहायला आल्यापासून नातेवाईक, मित्र आणि इथे शिकायला आलेली मराठी मुलं मला या खेळाबद्दल, त्यातही मूळनिवासी खेळाडूंबद्दल, तेच तेच प्रश्न विचारतात. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

फुटी म्हणजे नक्की कुठला खेळ? सॉकर की रग्बी?

दोन्ही नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा स्वतंत्र खेळ आहे आणि त्याचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्येच लिहिले गेले. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर एका बाजूचे १८ खेळाडू, चेंडूही लंबगोल, आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, त्याचा १ गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण मधूनमधून तो जमिनीवर टेकवावा लागतो. साथीदाराला द्यायचा तर फेकायचा नाही. एका तळव्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारायचा. याला हँडबॉल म्हणतात.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे तो लागणार आहे: शेपर्ड. ऑफसाइडचा नियम नसल्यामुळे खेळाडू मैदानभर विखुरलेले असतात आणि धडक कुठूनही बसू शकते. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला मागून येणारा दिसत नाही. अशा वेळी साथीदार स्वतःचं अंग मध्ये घालतो आणि येणाऱ्याला अडवतो. गुणफलकावर त्याची नोंद होत नाही, पण खेळणारे आधी हेच बघतात की कोण कोणासाठी मध्ये पडतो.

सर्वोच्च स्पर्धा एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग. १८९७ साली ती व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) नावाने सुरू झाली, १९९० पासून एएफएल झाली. त्यात १८ क्लब आहेत.

मूळनिवासी म्हणायचं, आदिवासी म्हणायचं की ॲबोरिजिनल?

'आदिवासी' चूक नाही, पण तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडचं चित्र येतं. ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट आयलँडर असे दोन समाज मोजले जातात, आणि त्यांच्या पोटात शेकडो वेगवेगळे लोक आहेत. युरोपीय लोक आले तेव्हा इथे अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. आज खेळाडूची ओळख करून देताना समालोचकही तो नूंगार आहे, योर्टा योर्टा आहे की टिवी आहे ते सांगतात. मी या पानावर 'मूळनिवासी' हा शब्द वापरला आहे.

असे किती खेळाडू आहेत?

२०२१ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत मूळनिवासींचं प्रमाण ३.२ टक्के होतं. एएफएलमध्ये मात्र मधल्या काळात साधारण दहातला एक खेळाडू मूळनिवासी होता. अलीकडच्या काही वर्षांत हा आकडा उतरू लागला आहे आणि त्याची काळजी करणारे लोक खेळात आहेत. मलाही ती वाटते.

हा खेळ मूळनिवासींकडूनच घेतला आहे, हे खरं का?

यावर इथे कडाक्याचं भांडण होतं. व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात मूळनिवासी लोक पॉसमच्या कातड्याचा चेंडू उंच उडवून आणि उड्या मारून झेलून खेळत. त्या खेळाला मार्नग्रूक म्हणतात. फुटीच्या संस्थापकांपैकी टॉम विल्स याचं बालपण त्याच भागात जाबवुरुंग लोकांच्या मुलांबरोबर गेलं. त्यांची भाषाही त्याला येत होती. पुढे तो इंग्लंडमध्ये रग्बी शाळेत शिकला, परत आला आणि १८५९ च्या नियमांवर त्याचा हात फिरला. त्याने मार्नग्रूकमधून काय उचललं, याचा कागदोपत्री पुरावा नाही. म्हणून काही इतिहासकार हा संबंध म्हणजे गोड दंतकथा आहे असं म्हणतात. एएफएलने २०१९ साली मात्र आपल्या निवेदनात मार्नग्रूकचा वारसा उघडपणे मान्य केला.

माझं मत विचाराल तर कागद नाही म्हणजे संबंध नाही, असं मानायला मी तयार नाही. ज्यांच्याकडे लिपी नव्हती त्यांच्याकडे कागद मागायचा, हा न्याय एकतर्फी आहे. पण 'सिद्ध झालं' असंही मी म्हणणार नाही.

अजिंक्य रहाणेचा या विषयाशी काय संबंध?

तो टॉम विल्समधून जुळतो. १८६१ साली क्वीन्सलंडमध्ये विल्सचे वडील आणि त्यांच्यासोबतचे १८ जण मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी मूळनिवासींची कत्तल केली. आणि तरी पाच वर्षांनी हाच विल्स एका मूळनिवासी क्रिकेट संघाचा प्रशिक्षक झाला. १८६६ च्या बॉक्सिंग डेला तो संघ एमसीजीवर खेळला. त्यातले बरेच खेळाडू १८६८ साली इंग्लंडला गेले, आणि ऑस्ट्रेलियातून इंग्लंडचा दौरा करणारा तो पहिला क्रिकेट संघ ठरला. त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू होता जॉनी मुल्ला, मूळ नाव उनारिमिन. दौऱ्यात ४७ सामने झाले. मुल्लाने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले.

२०२० पासून बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला मुल्लाच्या नावाचं पदक देतात. ते सर्वांत आधी ज्याच्या गळ्यात पडलं तो आपला अजिंक्य. दुसरा डाव ३६ धावांत आटोपलेल्या ॲडलेडच्या पराभवानंतर विराट मायदेशी परतला होता, आणि अजिंक्यने ११२ धावा करून संघ उभा केला होता.

पुढच्याच कसोटीत, जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला, प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला वर्णद्वेषी शिव्या आल्या. खेळ थांबला आणि सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता, पण अजिंक्यने आपली काही चूक नसल्यामुळे आपण खेळणार असं सांगितलं, असं सिराजने नंतर सांगितलं. त्या वेळचं एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. सिराज सीमारेषेवरून चालत आत येतो आणि सगळा संघ पंचांभोवती त्याच्या बाजूने गोळा होतो. तो नवखा होता, त्याची ती दुसरीच कसोटी होती. कर्णधार पाठीशी आहे म्हणून तो तक्रार करू शकला. हे सगळं सिडनी क्रिकेट ग्राउंडवर घडलं, जे ॲडम गुड्सचं घरचं मैदान. गुड्सची गोष्ट खाली आहे.

सुरुवातीच्या मूळनिवासी खेळाडूंना संघात कसं वागवलं गेलं?

जो जॉन्सन हा व्हीएफएलमधला पहिला मूळनिवासी खेळाडू मानला जातो. तो १९०४ साली फिट्झरॉय क्लबकडून खेळला. पण ही गोष्ट समजून घ्यायची तर डग निकोल्स यांच्यापासून सुरू करावी.

निकोल्स योर्टा योर्टा समाजाचे, मरे नदीकाठच्या कमेरागुंजा वस्तीत १९०६ साली जन्मलेले. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पायांत वारं. १९२७ साली ते कार्लटन क्लबात नशीब अजमावायला गेले. तिथे त्यांच्या अंगाला वास येतो अशी तक्रार झाली आणि त्यांना बाहेरची वाट दाखवली गेली. त्यांनी खालच्या स्पर्धेत नॉर्थकोटकडून नाव कमावलं आणि १९३२ साली ते फिट्झरॉयमध्ये आले.

पहिल्या दिवसांत ते ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात एकटे कपडे बदलत. एकदा हाकललेला माणूस दुसऱ्यांदा आपणहून चार हात लांबच बसतो. तेव्हा हेडन बंटन उठला आणि आपलं सामान घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसला. बंटन कुणी सोम्यागोम्या नव्हता, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्याने आयुष्यात तीनदा जिंकलं. त्याने भाषण केलं नाही की इतरांना दटावलं नाही, फक्त जागा बदलली. क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू जिथे बसतो ती जागा कोपरा राहत नाही.

निकोल्स पुढे पाद्री झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढले. १९७२ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९७६ साली ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले.

जर्सी वर करून पोटाकडे बोट दाखवणाऱ्या खेळाडूचा तो फोटो कशाचा आहे?

तो निकी विनमार, नूंगार समाजाचा, सेंट किल्डाचा खेळाडू. १७ एप्रिल १९९३, कॉलिंगवूडचं घरचं मैदान व्हिक्टोरिया पार्क. विनमार आणि त्याचा मूळनिवासी साथीदार गिल्बर्ट मॅकॲडम यांच्यावर सकाळपासून शिव्यांचा मारा चालू होता. दोघांनी ठरवलं, उत्तर खेळातून द्यायचं. मॅकॲडमने ५ गोल केले, विनमार मैदानभर नाचला, आणि ज्या मैदानावर सेंट किल्डा १९७६ नंतर जिंकलं नव्हतं तिथे जिंकलं.

शेवटची शिटी वाजली. विनमार कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला, डाव्या हाताने जर्सी छातीपर्यंत वर केली आणि उजव्या हाताच्या बोटाने आपली कातडी दाखवली. दोन छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. आज पर्थच्या स्टेडियमबाहेर त्या मुद्रेतला त्याचा कांस्य पुतळा आहे, २०१९ साली बसवलेला.

फोटोत विनमार एकटा दिसतो, म्हणून हे त्याचं एकट्याचं धाडस होतं असं अनेकांना वाटतं. सकाळी मॅकॲडम त्याच्या जोडीला नसता तर संध्याकाळी तो हात वर गेला असता का, असं मला नेहमी वाटतं. पण हेही खरं, की त्या दिवशी आधार दिला तो दुसऱ्या मूळनिवासी खेळाडूनेच. बाकीचा खेळ तेव्हा झोपलेला होता. काही दिवसांनी कॉलिंगवूडचे तेव्हाचे अध्यक्ष टीव्हीवर म्हणाले की हे लोक मैदानाबाहेर गोऱ्यांसारखे वागले तर सगळे त्यांचा आदर करतील.

मग वर्णद्वेषी शिव्यांविरुद्ध नियम कधी झाला?

१९९५ साली, आणि तो मायकेल लाँगमुळे झाला. अँझॅक डेच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सामन्यात कॉलिंगवूडच्या एका खेळाडूने त्याला शिवी दिली. तोवर रिवाज असा होता की मैदानावरचं मैदानावर सोडायचं, हात मिळवायचा आणि पुढे जायचं. लाँगने हे मानलं नाही. लीगने दोघांना समोरासमोर बसवून पत्रकार परिषद घेतली, पण त्यात कसली कारवाई नव्हती. लाँग हटला नाही. त्याच्या क्लबचे, इसेंडनचे, प्रशिक्षक केव्हिन शीडी त्याच्या पाठीशी होते. त्याच हंगामात नियम ३० आला: वर्ण, धर्म, वंश यांवरून कुणालाही हिणवता येणार नाही.

लाँग हा मुळात अबोल, लाजाळू माणूस. २००४ साली तो मेलबर्नच्या आपल्या घरातून निघाला आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना भेटायला कॅनबेराच्या दिशेने पायी चालू लागला. आपल्या लोकांचे प्रश्न देशाच्या कामांच्या यादीत परत यावेत, एवढीच मागणी. वाटेत माणसं जोडली गेली. आपल्याकडे वारी आहे, त्यामुळे चालत जाऊन गाऱ्हाणं घालणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ॲडम गुड्सच्या वेळी संघ त्याच्या पाठीशी उभा राहिला ना?

राहिला. पण ही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

गुड्स हा सिडनी स्वॉन्सचा खेळाडू. दोन ब्राउनलो पदकं, २००३ आणि २००६ ची. दोन अजिंक्यपदं, २००५ आणि २०१२ ची. एकूण ३७२ सामने, आणि चार हंगाम संघाच्या कर्णधारांपैकी एक. मे २०१३ मध्ये एमसीजीवर कॉलिंगवूडविरुद्ध खेळताना प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'एप' (वानर) म्हणालं. त्याने वळून बघितलं आणि बोट दाखवलं. ती १३ वर्षांची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी गुड्सनेच सगळ्यांना विनंती केली की तिला झोडपू नका, तिला आधार द्या, दोष तिचा नाही. तिने फोन करून त्याची माफी मागितली.

२०१४ साली तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि मूळनिवासींच्या इतिहासाबद्दल मोकळेपणाने बोलू लागला. मग मैदानामैदानांत त्याची हुर्यो सुरू झाली. त्याच्या हाती चेंडू आला रे आला की हजारो गळ्यांतून 'बू' यायचं. मे २०१५ मध्ये त्याने गोल केल्यावर एक पारंपरिक युद्धनृत्य केलं, मूळनिवासी मुलांच्या १६ वर्षांखालच्या संघाकडून शिकलेलं. त्यानंतर तर हुर्यो दुप्पट झाली. अनेक नामवंत लोक वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर सांगत होते की ही हुर्यो रंगासाठी नाही, त्याच्या खेळण्याच्या पद्धतीसाठी आहे.

जुलैमध्ये पर्थला हे असह्य झालं. तिथे त्याचा साथीदार लुईस जेटा याने गोल केला आणि हुर्यो करणाऱ्या गर्दीकडे तोंड करून तसंच नृत्य केलं. हे शेपर्ड होतं. चेंडू गुड्सकडे नव्हता, पण धडक त्याच्याकडे येत होती, आणि जेटाने आपलं अंग मध्ये घातलं. गुड्सने त्यानंतर सुट्टी घेतली. पुढच्या सामन्यात, सिडनीच्या घरच्या मैदानावर, तिसऱ्या चतकोराच्या (सामन्याचे असे चार भाग असतात) सातव्या मिनिटाला सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या वाजवत राहिलं. तिसरा चतकोर, सातवं मिनिट, कारण त्याचा जर्सी क्रमांक ३७.

तो परतला, हंगाम संपवला आणि निवृत्त झाला. निरोपाची फेरी त्याने मारली नाही. एएफएलने आणि १८ क्लबांनी जाहीर माफी मागितली ती २०१९ साली. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान त्याने नम्रपणे नाकारला.

संघ उभा राहिला, यात शंका नाही. पण हुर्यो सुरू होऊन वर्षाहून जास्त काळ गेला तोवर लीग गप्प होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तो मैदानावरही नव्हता. साथीदारांची एकी आणि खेळाची एकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला गुड्समुळे कळलं.

"आमच्या ड्रेसिंग रूममध्ये रंग दिसत नाही, फक्त जर्सी दिसते" असं खेळाडू म्हणतात. ते चांगलंच आहे ना?

म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण ते वाक्य कोण म्हणतो आहे ते बघा. ज्याच्या रंगावरून कधी काही घडलं नाही त्याला तो न दिसणं सोपं आहे.

कॉलिंगवूडमध्ये आफ्रिकी-ब्राझिलियन वंशाचा हेरिटिए लुमुम्बा अनेक वर्षं खेळला, २०१० ची ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. साथीदार त्याला 'चिंप' म्हणत. सगळ्यांना ते प्रेमाचं टोपणनाव वाटायचं. त्याने आक्षेप घेतला तेव्हा तोच तापदायक ठरला. क्लबने नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला आणि क्लबच्या व्यवस्थेतच वर्णद्वेष असल्याचं त्याने स्पष्ट लिहिलं. अध्यक्षांनी पद सोडलं. क्लबच्या दीडशे खेळाडूंनी आणि कर्मचाऱ्यांनी माफीचं जाहीर पत्र काढलं.

एकी टिकवायची म्हणून ज्याला टोचतं त्यानेच मूग गिळून बसायचं, असं अनेक संघांत चालत आलं आहे. त्याला एकी म्हणू नये.

संघबांधणीच्या शिबिरांचा उपयोग होतो का?

एडी बेट्सचं उदाहरण सांगते. चार वेळा वर्षातला सर्वोत्तम गोल करणारा, ३५० सामने खेळलेला, सगळ्या ऑस्ट्रेलियाचा लाडका खेळाडू. त्याचा तेव्हाचा क्लब ॲडलेड क्रोज २०१७ ची ग्रँड फायनल हरला. पुढच्या हंगामाआधी खेळाडूंना मनाने कणखर करायचं म्हणून क्लबने त्यांना शिबिराला नेलं. बेट्सने २०२२ साली आत्मचरित्रात लिहिलं की समुपदेशकाला विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टी तिथे सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर ओरडून मारल्या गेल्या, आणि मूळनिवासी समाजाचे विधी हवे तसे वापरले गेले. परत आल्यावर त्याने आक्षेप घेतला, मूळनिवासी साथीदारांना यापुढे यात ओढू नका असं सांगितलं, आणि नेतृत्वगटातून त्याचं नाव गेलं. क्लबने नंतर त्याची जाहीर माफी मागितली.

आदल्या वर्षी फायनलला गेलेला तो संघ पाहता पाहता विस्कटला. माणसाला मोडून संघ जोडता येतो, ही कल्पनाच मला अमानुष वाटते. बेट्सकडे संघ जोडायची स्वतःची रीत होती. त्याचं घर तरुण मूळनिवासी खेळाडूंसाठी कायम उघडं असे, आणि दूरवरून आलेली पोरं तिथे जेवायला, राहायला असत.

घरापासून दूर आलेल्या मुलांना नेमकं काय जड जातं?

डार्विनच्या उत्तरेला टिवी बेटं आहेत. लोकवस्ती दोन-अडीच हजार, आणि फुटीचं वेड असं की मार्चमधल्या स्थानिक अंतिम सामन्याला अख्खं बेट लोटतं. तिथे फुटी पावसाळ्यात खेळतात, मैदान मऊ असतं तेव्हा. या एवढ्याशा बेटांनी रिओली घराणं दिलं. मॉरिस रिओलीने १९८२ च्या ग्रँड फायनलमध्ये सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक जिंकलं, तेही हरलेल्या संघाकडून खेळताना. १९९३ साली ते मायकेल लाँगने जिंकलं आणि २०१५ साली सिरिल रिओलीने. मॉरिस सिरिलचा काका, लाँग त्याचा मामा. एका घरात तीन नॉर्म स्मिथ पदकं!

अशा ठिकाणचा १८ वर्षांचा मुलगा जूनमध्ये मेलबर्नच्या बोचऱ्या थंडीत येतो. गावात सगळे नात्याचे, इथे कुणी ओळखीचं नाही. घरी चुलत-मावस असा भेद नसतो, सगळेच भाऊ. एखाद्या वडीलधाऱ्याचं निधन झालं की जावंच लागतं, आणि ते दुःखाचे विधी दोन तासांत उरकत नाहीत. इथे त्याला 'सॉरी बिझनेस' म्हणतात. पूर्वी क्लबांचा हिशोब सरळ होता: सरावाला आला नाही म्हणजे निष्ठा नाही. कितीतरी गुणी मुलं अशीच घरी परतली. आता बहुतेक क्लबांत या खेळाडूंसाठी खास माणूस असतो आणि अंत्यविधीची रजा हा वादाचा विषय राहिलेला नाही. मला विचाराल तर एका सोहळ्यापेक्षा अशी एक रजा संघ जास्त जोडते.

त्यांना खेळ उपजतच येतो म्हणतात...

कृपा करून हे म्हणू नका. कौतुकाच्या सुरात म्हटलं तरी नको. पॉली फार्मर, पर्थच्या अनाथालयात वाढलेला मुलगा, गीलाँगसाठी १९६३ चं अजिंक्यपद जिंकला. हँडबॉल त्याआधी अडचणीत सापडल्यावर सुटकेसाठी वापरत; फार्मरने त्याचं हल्ल्याचं शस्त्र केलं. त्यासाठी तो मोटारींच्या विक्रीकेंद्रात काम करताना गाडीच्या उघड्या खिडकीतून मुठीने चेंडू आरपार मारत बसायचा. तासन्‌तास. याला उपजत म्हणायचं?

'उपजत' म्हटलं की मेहनतीचं श्रेय जातं आणि डोक्याचंही. मग अशा खेळाडूला गोलपाशी चमक दाखवायला ठेवतात, आणि डावपेच, कर्णधारपद, प्रशिक्षकपद दुसऱ्यांकडे जातं.

मूळनिवासी प्रशिक्षक किती झाले?

मुख्य प्रशिक्षक व्हीएफएल-एएफएलच्या इतिहासात दोनच: फार्मर १९७० च्या दशकात आणि बॅरी केबल १९८४ पर्यंत. खेळाडूंमध्ये एके काळी दहातला एक, मुख्य प्रशिक्षकांत चाळीस वर्षं शून्य.

सर डग निकोल्स राउंड म्हणजे दिखावा नाही का?

काही अंशी प्रायोजकांचा उत्सव झाला आहे, हे मान्य. पण मी त्याला दिखावा म्हणणार नाही. दरवर्षी मे महिन्यात हा राउंड होतो, २०१६ पासून निकोल्स यांच्या नावाने. प्रत्येक क्लब मूळनिवासी कलाकाराने, कित्येकदा खेळाडूच्या आईने किंवा आजीने, रेखाटलेली जर्सी घालतो. काही क्लब नावही बदलतात: मेलबर्न होतं नार्म, फ्रीमँटल होतं वॉलीअलप, पोर्ट ॲडलेड होतं यार्टापूल्टी. शाळेतली पोरं आता ही नावं सहज उच्चारतात. आणि जर्सीवरच्या प्रत्येक ठिपक्याचा अर्थ तो खेळाडू साऱ्या संघासमोर उभा राहून समजावतो. ज्या मुलाला एरवी बैठकीत तोंड उघडायचा संकोच वाटतो तो त्या दिवशी बोलतो आणि बाकीचे चाळीस जण ऐकतात.

आता तरी शिव्या थांबल्या का?

नाही. मार्च २०२३ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या जमारा युगल-हेगनला प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिवी आली. तो २० वर्षांचा होता. पुढच्या सामन्यात पहिला गोल केल्यावर त्याने जर्सी वर केली आणि कातडीकडे बोट दाखवलं, तीस वर्षांपूर्वीच्या विनमारसारखं. त्या सामन्यात त्याने ५ गोल केले. फरक एवढाच, की या वेळी साथीदारांनी त्याला लगेच गराडा घातला. मोबाइलवर येणाऱ्या घाणीचं मात्र अजून कुणाकडे उत्तर नाही. तिथे मध्ये अंग घालायला साथीदार नसतो.

एकच सामना बघायचा तर कोणता बघू?

'ड्रीमटाइम ॲट द जी'. २००५ पासून इसेंडन विरुद्ध रिचमंड, मेच्या अखेरीस, रात्री, एमसीजीवर. तिकीट काढा, पण थेट स्टेडियमला जाऊ नका. दुपारी फेडरेशन स्क्वेअरला या. मायकेल लाँगच्या त्या पदयात्रेची आठवण म्हणून तिथून मैदानापर्यंत सगळे मिळून चालत जातात. तान्ही मुलं ढकलगाडीत, म्हाताऱ्या बायका मूळनिवासींच्या लाल-काळ्या-पिवळ्या झेंड्यांत गुंडाळलेल्या, दोन्ही क्लबांचे लोक मिसळलेले. यारा नदीकडून वारा येतो, तेव्हा जाड जाकीट घ्या. सामना सुरू व्हायच्या निदान अर्धा तास आधी जागेवर बसा, कारण दिवे मंद होतात, मैदानाच्या मध्यभागी धूर उठतो आणि यिडाकीचा, म्हणजे मूळनिवासींच्या लांब लाकडी फुंकवाद्याचा, तो खोल आवाज सुरू होतो. ऐंशी हजारांच्या आसपास माणसं असतात, आणि शेजारच्याने चिप्सचं पाकीट फोडलेलंही ऐकू येतं.